खरेदीखत नावाचं कर्ज

या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे. कायदा, सातबारा, दुय्यम निबंधक... हे शब्द वाचूनच निम्मे लोक पुढच्या पानावर जातील, याची कल्पना आहे. तरी चहाचा कप संपेपर्यंत थांबा. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचं नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या कृपेने लागलेलं आहे. आणि ज्यांचं नाही, ते "गावाकडे दोन एकर घेऊन टाकू" म्हणत सुट्टीच्या दिवशी जमिनी बघत फिरतायत. म्हणजे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

छोट्या शेतकऱ्याला कायद्याचं संरक्षण हवं, असं भाषणात सगळेच म्हणतात. टाळ्याही पडतात. पण आपल्याकडे कायदे नाहीत असं अजिबात नाही. उलट बऱ्यापैकी चांगले आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आपला कायदा शेतकऱ्याला भेटतो तो जमीन गेल्यावर. कागद होत असताना, अंगठा उठत असताना तो तिथे हजरच नसतो. आणि एकदा कागद झाला की पुढची सगळी लढाई त्या कागदाविरुद्ध असते.

उदाहरणासाठी भातकुली घेऊ. अमरावती शहराच्या पश्चिमेला लागून असलेला तालुका. पुणे-मुंबईच्या मित्रांना नाव सांगितलं की "कुठे आलं हे?" असा चेहरा होतो. जैन मंदिरामुळे काहींना ठाऊक असतं, एवढंच. पण शेतीच्या हिशेबात भातकुलीची ओळख एकाच शब्दात सांगता येते: खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, भारी, बघून हेवा वाटावा अशी. पण खालचं पाणी खारट. विहीर खणली तरी त्या पाण्याने ओलीत करता येत नाही, केलं तर जमीन बिघडते. त्यामुळे सगळी भिस्त पावसावर. खरिपात कपाशी, तूर, सोयाबीन, मूग आणि जमिनीत ओल राहिली तर रब्बीत हरभरा. पाऊस चुकला की वर्ष चुकलं. मधे दुसरा उपाय नाही.

आता सरकारी व्याख्या बघा. दोन हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असली तर तुम्ही 'लहान' शेतकरी. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत हीच रेघ मारली होती. दोन हेक्टरच्या आतल्यांना पूर्ण माफी, वरच्यांना बाकी एकरकमी भरली तर पंचवीस टक्के सवलत. विदर्भातून त्यावर बरीच ओरड झाली, आणि ती रास्त होती. बारमाही पाणी असलेला पाच एकर ऊस आणि खारपाणपट्ट्यातली आठ एकर कोरडवाहू कपाशी यांची तुलना कशी करणार? कागदावर आठ एकरवाला 'मोठा' आणि पाच एकर ऊसवाला 'लहान'. एकच क्षेत्रफळ सगळीकडे एकच अर्थ सांगतं असं धरून लिहिलेली ही अट आहे. आपल्या धंद्यात असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत येईल!

असो. तर अशा शेतकऱ्याला जूनमध्ये पैसे लागतात. बी, खत, मजुरी, मशागत. बँकेचं पीककर्ज खरं तर स्वस्त असतं. वेळेवर फेडलं तर महाराष्ट्रात पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. पण "वेळेवर फेडलं तर" ह्या तीन शब्दांतच सगळी गोम आहे. एका वर्षी पीक गेलं, हप्ता थकला, की पुढच्या वर्षी बँकेचं दार बंद. मग उरतो सावकार. शेकडा पाच रुपये महिना. वर्षाचा हिशेब केला तर साठ टक्के! शून्यावरून थेट साठ. मधली पायरीच नाही.

आणि इथे तो प्रसंग येतो, ज्याच्याबद्दल हा सगळा लेख आहे. वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही तो कल्पनेने उभा करता येईल.

"काकाजी, लाखभर रुपये लागतात. पेरनीची सोय नाही झाली अजून."

"देतो नं बाप्पा. पन भरवसा कायचा? दोन एकराची खरेदी करून दे."

"खरेदी? गहान लिहून घ्या नं."

"गहान म्हटलं का लफडे लय. खरेदी नुसती नावाले हाये. कापूस निघाला का पैसे आनून दे, वावर तुह्या नावानं करून देतो. वाहत तूच राह्यजो."

संवाद काल्पनिक आहे, व्यवहार काल्पनिक नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघे जातात. खरेदीखत होतं. त्यात जमिनीची सरकारी दराने किंमत लिहिलेली असते, समजा आठ लाख. "सदर रक्कम रोख मिळाली, तक्रार नाही" असंही लिहिलेलं असतं. हातात मिळालेला असतो एक लाख. स्टॅम्पचा खर्चसुद्धा कर्जातच धरलेला असतो. कॅमेऱ्यात फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटतो. अधिकारी विचारतो, "सही तुमचीच ना?" हो. झालं. परतीचा करार एकतर तोंडी असतो, नाहीतर वेगळ्या स्टॅम्पवर लिहून सावकाराच्याच कपाटात.

नीट वागणारा सावकार पैसे घेऊन जमीन परतही करतो. असे लोक आहेत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण मधल्या काळात भाव वाढला, रस्ता आला, शहर जवळ सरकलं, किंवा सावकार वारला आणि मुलं म्हणाली "आम्हाला काय माहीत, कागदावर तर खरेदी आहे"... मग?

मग शेतकरी वकिलाकडे जातो आणि त्याला दोन जुन्या कायद्यांची ओळख होते.

पहिला, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात 'सशर्त विक्रीने गहाण' हा प्रकार आहे. दिसायला विक्री, पण पैसे फेडले की जमीन परत. शेतकऱ्याचा व्यवहार अगदी हाच! पण १९२९ च्या दुरुस्तीने त्याला एक अट लागली: परतीची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असली तरच ते गहाण धरायचं. वेगळ्या स्टॅम्पवरचा करार असेल तर गहाण नाही. सावकार शर्त वेगळ्या कागदावर का घेतो, हे आता लक्षात आलं असेल.

दुसरा, पुराव्याचा कायदा. लेखी दस्तातल्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. त्याला अपवाद आहेत. दस्त मुळातच दिखाऊ होता, त्यावर अंमल करायचा दोघांचा इरादाच नव्हता, असं म्हणणं असेल तर तोंडी पुरावा देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या एका निकालात सांगितलं आहे. पण तिथवर पोचायचं म्हणजे दिवाणी कोर्टात किती वर्षं, किती तारखा आणि किती वकील फी? दोन एकरांसाठी भांडताना उरलेले तीन विकावे लागतात.

म्हणजे अडचण अप्रामाणिक माणसांची जेवढी, तेवढीच नोंदीची आहे. प्रत्यक्षात झालं कर्ज, सिस्टीममध्ये एंट्री पडली विक्रीची. आणि त्यानंतर जगातली प्रत्येक यंत्रणा ती एंट्रीच वाचते.

ह्या एंट्रीचे परिणाम फक्त मालकीपुरते नाहीत, हे आपल्याला शहरात बसून लक्षात येत नाही. फेरफार झाला, सातबाऱ्यावरचं नाव बदललं, की पीककर्ज नव्या नावावर. पीकविमा, अतिवृष्टीची मदत, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार, सगळं नाव बघून. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. खातेदाराने मोबाईलवरून आपलं पीक नोंदवायचं. चांगली सोय आहे. पण जो शेत वाहतोय आणि खातेदार नाही, तो त्या ॲपमध्ये कुठेच नाही. रेकॉर्ड डिजिटल केल्याने भ्रष्टाचाराची काही भोकं नक्की बुजली, मी त्या बाजूचाच माणूस आहे. पण त्याच वेळी कागद आणखी पक्का झाला आणि तोंडी सत्य आणखी कच्चं.

सगळ्यात कठोर गोष्ट पुढे आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायचे निकष सरकारने २००६ साली ठरवले. त्यात कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असायला हवं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज असलं तर ते कर्जच नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात वाईट कर्ज मिळालं, त्याचं प्रकरण 'अपात्र' ठरण्याची शक्यता सगळ्यात जास्त. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज सरकारने फेडायचं ठरवलं, तेही परवानाधारकांचंच. एका अर्थी बरोबर आहे, बेकायदा धंद्याचे पैसे सरकार कसे भरणार? पण शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर?

आता इतिहासात एक चक्कर मारू, कारण हा प्रश्न नवा नाही आणि उत्तरही पूर्णपणे नवं शोधायची गरज नाही.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला आणि पुणे-नगरच्या गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन ओळी असतात. त्या दंग्यांतली विशेष गोष्ट ही, की लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. सावकाराकडची खतं, रोखे बाहेर काढायचे आणि जाळायचे. आपल्या गळ्याला फास नेमका कशाचा आहे हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना बरोबर कळलं होतं.

इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा केला. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या होत्या. एक, कोर्टाने नुसता शेवटचा रोखा न बघता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासायचा. पुढे तर विक्रीच्या दस्ताआडचं खरं स्वरूप शोधायचा अधिकारही कोर्टाला स्पष्ट शब्दांत मिळाला. दोन, शेतकऱ्याचे कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोरच, त्याच्या देखरेखीखाली लिहायचे. म्हणजे कायदा कागद होताना तिथे बसलेला! दीडशे वर्षांपूर्वी, तेही परक्या सरकारला, हे सुचलं होतं.

वऱ्हाड मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. आपल्याकडे १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कर्ज समेट कायदा आला. सावकार आणि कुळाला समोरासमोर बसवून मंडळाने तडजोड घडवायची, अशी रचना. त्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातले पंजाबराव देशमुख प्रांताचे मंत्री होते. म्हणजे ज्यांच्या नावाने आज व्याजसवलत मिळते, त्यांच्या काळातही प्रश्न हाच होता.

आणि भातकुली तालुक्यातच, पूर्णेच्या काठी, एक गाव आहे: ऋणमोचन. नावच बघा! पौषात तिथे यात्रा भरते आणि गाडगेबाबांच्या सुरुवातीच्या सेवेशी ते गाव जोडलेलं आहे. बाबांची चरित्रं वाचलेल्यांना आठवत असेल, डेबूजी असताना ते दापुऱ्याला मामाच्या शेतात राबायचे आणि त्या मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली होती. कब्जा घ्यायला आलेल्या सावकारासमोर तो तरुण शेतात उभा राहिला. पुढे कीर्तनातून जन्मभर त्यांनी सांगितलं, कर्ज काढून सण करू नका आणि पोरांना शाळेत घाला. शिक्षणाचा आग्रह आणि सावकाराचा कागद, ह्यांचा संबंध त्या माणसाने स्वतः भोगलेला होता. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा किती महाग पडतो, ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

आता आजच्या कायद्याकडे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याआधीचा कायदा १९४६ चा होता. नव्या कायद्यात परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्यातलं कलम १८ म्हणजे ह्या लेखाचा नायक. जिल्हा उपनिबंधकाला, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला, हे कलम विलक्षण अधिकार देतं. सावकाराकडे गेलेली जमीन वरवर विक्रीने गेलेली असली, तरी ती खरं तर कर्जाची तारण म्हणून गेली होती अशी त्याची चौकशीअंती खात्री पटली, तर तो ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन शेतकऱ्याला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश काढू शकतो. दुसऱ्या कायद्यात काहीही असलं तरी! दिवाणी कोर्टाची पायरी न चढता. साध्या अर्जावर. अशा कलमाखाली वऱ्हाडात जमिनी परत मिळालेल्या आहेत. कायदा करणाऱ्यांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग अडतं कुठे?

एक म्हणजे, समोरचा माणूस 'सावकार' आहे हे सिद्ध करावं लागतं. एखाद-दुसऱ्या व्यवहाराने कोणी सावकार होत नाही, तो धंदा म्हणून करत असला पाहिजे, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे आणि ते चूक नाही. पण एकट्या शेतकऱ्याने दुसऱ्यांचे व्यवहार शोधायचे कुठून? शेजारच्या गावचा माणूस साक्ष द्यायला तयार होत नाही, कारण त्याला पुढच्या जूनमध्ये त्याच दारात जायचं असतं.

दुसरं, वेळ. कलमाला मुदतीची मर्यादा आहे आणि शेतकरी आशेवर थांबतो. "देतो म्हटलं नं बाप्पा, घाई कायची?" ह्या वाक्यावर वर्षं निघून जातात. दरम्यान जमीन तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते.

तिसरं, वजन. सावकार आणि सत्ता यांचं नातं. ह्याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव पुरेसं आहे. २००६ साली तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने बेकायदा सावकारीची तक्रार केली. तक्रार होती तत्कालीन काँग्रेस आमदाराच्या वडिलांविरुद्ध. मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून फोन गेला आणि आमदारांच्या कुटुंबाविरुद्धची तक्रार थेट नोंदवू नये, आधी समितीकडे पाठवावी अशा सूचना झाल्याचं पोलिसांच्या स्टेशन डायरीत नोंदलं गेलं. ही नोंद पुढे निर्णायक ठरली. नागपूर खंडपीठाने राज्य सरकारला पंचवीस हजारांचा दंड केला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंड वाढवून दहा लाख केला! त्या कुटुंबाच्या बाजूने उभा राहिला तो कोणा पोलिसाने वेळेवर लिहिलेला एक परिच्छेद. वेळेवर झालेली नोंद काय करू शकते याचं हे बोलकं उदाहरण आहे. शेतकऱ्याच्या बाजूनेही असा एखादा कागद, व्यवहार होतानाच तयार व्हायला नको का?

म्हणून माझं म्हणणं. तीन साध्या गोष्टी.

पहिली: छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जमिनीची खरेदी नोंदवताना रक्कम बँकेतूनच दिलेली असावी आणि व्यवहाराचा क्रमांक दस्तात लिहावा. "रोख मिळाले, तक्रार नाही" हे वाक्य बंद. आठ लाखांचं खरेदीखत आणि खात्यात एक लाख, हे मग झाकता येणार नाही. पैसे खात्यात टाकून परत काढून घेणारे निघतील, मान्य. पण त्याचाही माग राहतो. आज तर काहीच राहत नाही.

दुसरी: दुय्यम निबंधकाने विकणाऱ्याला खरेदीदारापासून बाजूला घेऊन, त्याच्या बोलीत, चार प्रश्न विचारावेत. ह्या माणसाकडून कर्ज घेतलंय का? जमीन परत मिळणार असं ठरलंय का? यापुढे वावर कोण वाहणार? पैसे मिळाले का? उत्तरं त्याच कॅमेऱ्यात नोंदवून ठेवावीत, जो आज फक्त फोटो काढतो. निबंधकाचं हे काम नाही असं कोणी म्हणेल. पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकताना जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागतेच की! आपल्याच जिल्ह्यात मेळघाट आहे, तिथे हा नियम आहे. तुकडेबंदीची तपासणी होते. खरेदीदार शेतकरी आहे का ते बघितलं जातं. म्हणजे दारावर थांबवून विचारण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, फक्त हे प्रश्न त्यात नाहीत.

तिसरी, आणि ही माझ्या धंद्यातली: डेटा बघा. नोंदणी विभागाकडे प्रत्येक खरेदीखत आहे. एकाच माणसाने दर जून-जुलैत वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडून एक-दोन एकर घेतलेत, आणि त्यातले काही नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच शेतकऱ्यांना परत विकलेत, तर हा जमिनीचा शौकीन आहे की सावकार? ही यादी काढायला कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, दहा ओळींची क्वेरी पुरते. :-) जिल्हा उपनिबंधकाने ती स्वतःहून मागवावी. मग 'हा माणूस सावकार आहे' हे सिद्ध करायचं ओझं एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर राहणार नाही. सोबत, कलम १८ चा अर्ज आला की त्याच दिवशी सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद व्हावी, म्हणजे जमीन पुढे सरकवताना घेणाऱ्याला दिसेल.

आता ह्यावरचे आक्षेप. पहिला नेहमीचा: "शेतकरी काय धुतल्या तांदळाचे असतात का? विकायची, पैसे खायचे, भाव वाढला की कर्ज होतं म्हणून रडायचं." असेही असतात. पण वरची व्यवस्था प्रामाणिक खरेदीदारालाच जास्त वाचवते. बँकेतून पैसे दिले, विकणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर "कर्ज नाही, कायमची विक्री आहे" सांगितलं, तर उद्या कोण काय म्हणणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सावकाराचा हात बांधला तर जूनमध्ये पैसे देणार कोण? रात्री नऊ वाजता दार उघडतं ते सावकाराचं, बँकेचं नाही. हे खरं आहे आणि 'सावकार म्हणजे राक्षस' अशा सिनेमातल्या भूमिकेतून ह्याचं उत्तर मिळत नाही. इथे मला कायद्याचीच एक बाजू खटकते. २०१४ साली परवानाधारक सावकारासाठी व्याजाचे दर ठरवले ते असे: शेतकऱ्याला तारणावर नऊ टक्के, विनातारण बारा. इतरांना तारणावर पंधरा, विनातारण अठरा. हेतू उत्तम. पण सावकाराच्या जागी बसून विचार करा. पावसावर अवलंबून असलेल्या माणसाला बारा टक्क्यांनी द्यायचे की शहरातल्या नोकरदाराला अठराने? परवाना घेतलेला माणूस शेतकऱ्याकडे फिरकणारच नाही. मग शेतकऱ्यासाठी उरतो तो बिनपरवानावाला, ज्याला दराचीच भीती नाही. शेतकऱ्यासाठी लिहिलेला दर त्याच्या ताटात पडतच नाही. त्यापेक्षा जरा जास्त पण उघड, लेखी, पावती मिळणारा दर आणि साधं, स्वस्त, एका पानाचं गहाणखत असेल, तर प्रामाणिक सावकाराला खरेदीखताच्या आडमार्गाने जायचं कारणच उरणार नाही. "गहान म्हटलं का लफडे लय" ह्या वाक्यातली लफडी कमी करणं सरकारच्या हातात आहे. माझं हे मत अनेकांना आवडणार नाही. पण बारा टक्के कागदावर आणि साठ टक्के वावरात, ह्या ढोंगापेक्षा ते बरं.

आणि आपण? आपण इथे कुठे येतो?

अमरावती शहर वाढतंय. तशीच नागपूर, अकोला, पुण्याच्या भोवतीची गावं. आपल्यातल्या कोणाला तरी एजंटचा फोन येतो: "साहेब, तीन एकर, क्लिअर टायटल, मालकाला घाई आहे, भावापेक्षा बरीच कमी." आपण टायटल बघतो, सर्च रिपोर्ट काढतो, सातबारा ऑनलाइन तपासतो. सगळं स्वच्छ. पण एक प्रश्न आपण विचारत नाही: ह्या जमिनीचा आधीचा मालक कोण होता, आणि आज त्यात पेरणी कोण करतंय? जमीन ज्याच्या नावावर दोन वर्षांपूर्वी झाली तो एक माणूस, आणि बांधावर उभा राहून आपल्याकडे बघणारा दुसराच... तर तिथे थांबा. त्या माणसाशी पाच मिनिटं बोला. त्याला 'काका' म्हणा, पाणी मागा, विचारा. एजंटला ते आवडणार नाही, पण तुम्हाला तुमच्या खरेदीचा खरा इतिहास त्या पाच मिनिटांत कळेल. तो कुठल्याच पोर्टलवर नाही.

दुसरं, जरा अवघड. आपल्यातल्या काहींच्या घरी आजोबा-पणजोबांनी अशा 'नावाच्या' खरेद्या करून घेतलेल्या असतील. जुन्या कपाटात वेगळ्या स्टॅम्पवरचे कागद असतील. ते फेकण्याआधी एकदा वाचा. कायद्याची मुदत कदाचित संपलेली असेल. पण शब्दाला मुदत असते, असं आपल्या आज्यांनी तरी आपल्याला शिकवलं नव्हतं.

आणि गावाकडे कोणी काका, मामा "नुसती नावाले खरेदी" करून द्यायला निघाले असतील, तर त्यांना एवढंच सांगा: कागदावर जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं. परतीची शर्त त्याच दस्तात लिहून घ्या. समोरचा नाही म्हणाला, तर त्याचा इरादा तिथेच कळला. आणि खरेदी आधीच होऊन गेली असेल, तर आशेवर थांबू नका, जिल्हा उपनिबंधकाकडे कलम १८ चा अर्ज करा. साधा अर्ज आहे. लिहून द्यायला आपल्यासारखा कोणीतरी घरात असतोच.